परीक्षा मासळीची की धक्क्याची?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका धक्क्याला लागली की तिच्यातील मासळीला दोन वाटा फुटतात. राणी मासा, माकूल, कोळंबी यांचा मोठा भाग बर्फ घातलेल्या क्रेटमधून प्रक्रिया कारखान्यांकडे जातो. तेथे तो धुतला जातो, निवडला जातो, गोठवला जातो. त्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अपायकारक जंतूंविषयीचा अहवाल अनुकूल आल्यावर तो परदेशच्या वाटेला लागतो. उरलेली मासळी लिलावानंतर टोपल्यांतून शहराच्या बाजारात येते आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, गावातल्या घराघरांतून शिजते. या दुसऱ्या मासळीची जंतुपरीक्षा म्हणता येईल अशी परीक्षा सहसा होत नाही. तिची पारख होते ती डोळ्यांनी, नाकाने आणि कल्ले उचकून पाहणाऱ्या बोटांनी.

ही पारख टाकाऊ आहे असे मुळीच नाही. शिळी मासळी ओळखण्याच्या कामी कोकणातील गृहिणीचा हात सहसा चुकत नाही. परंतु मासळी शिळी असणे आणि ती दूषित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासळी नासवणारे जंतू वासाने आपली वर्दी देतात. सॅल्मोनेलासारखा रोगकारक जंतू मात्र ना रंग पालटतो, ना वास. लालभडक कल्ल्यांच्या, टणक अंगाच्या ताज्या मासळीवरही तो असू शकतो. म्हणूनच त्याला शोधण्यासाठी प्रयोगशाळा लागते.

अलीकडच्या काळात या शोधाला लागणारा वेळ पुष्कळ कमी झाला आहे. जे कळण्यास पूर्वी चार-पाच दिवस लागत ते आता सुमारे एका दिवसात कळू शकते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जलद चाचणीच्या संचांना मान्यता देण्याची पद्धत घालून दिली असून फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्याही अनेक राज्यांत धावत आहेत. साहजिकच, आता बाजाराच्या तोंडाशी एक यंत्र ठेवावे, त्याने हिरवा दिवा दाखवला तर मासळी घ्यावी, तांबडा दाखवला तर टाकावी, अशी अपेक्षा सुशिक्षित ग्राहकाच्या मनात निर्माण झाली आहे. ही अपेक्षा कितपत पुरी होण्याजोगी आहे आणि जलद चाचणीचा खरा उपयोग रत्नागिरीसारख्या बंदरात कोठे आहे, हा प्रश्न बंदराच्या नव्या बांधणीच्या काळात विचारला जाणे अगत्याचे आहे.

पाच दिवस का लागतात?

प्रथम जुन्या पद्धतीला एवढा वेळ का लागतो ते पाहिले पाहिजे. सॅल्मोनेलाच्या बाबतीत निकष असा की २५ ग्रॅम नमुन्यात तो अजिबात आढळता कामा नये. एवढ्या मासळीत त्याची एखाददुसरीच पेशी असू शकते, आणि तीही थंडीने, मिठाने किंवा क्लोरीनने अर्धमेली झालेली. म्हणून नमुना आधी पोषक द्रवात सुमारे अठरा तास ठेवून त्या पेशीला सावरू द्यावे लागते. मग इतर जंतूंना दाबणाऱ्या आणि हिला वाढू देणाऱ्या द्रवात आणखी एक दिवस जातो. त्यानंतर बशीतल्या थरावर तिची वसाहत उमटण्यास एक दिवस आणि ती वसाहत खरोखर सॅल्मोनेलाचीच आहे याची खातरजमा करण्यास एक-दोन दिवस लागतात. यात प्रयोगशाळेचा आळस नाही. जंतू आपल्या गतीने वाढतो, त्याला घाई करता येत नाही.

जलद पद्धती या साखळीतील शेवटचे दुवे तोडतात. त्यांतील एक प्रकार पट्टीचा. कोविडच्या साथीत घरोघर परिचित झालेल्या पट्टीप्रमाणेच ही पट्टी जंतूच्या अंगावरील विशिष्ट प्रथिनाला ओळखते. दुसरा प्रकार पीसीआरचा. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या या तंत्रात जंतूच्या जनुकाच्या एका तुकड्याच्या काही तासांत कोट्यवधी प्रती केल्या जातात. दोन्ही पद्धती विश्वासार्ह आहेत, तथापि दोहोंनाही पहिल्या पायरीतून सुटका नाही. २५ ग्रॅम मासळीतील एका पेशीला आधी काही तास वाढू द्यावेच लागते. म्हणून ‘जलद’ या शब्दाचा येथील अर्थ एक रात्र, फार तर एक दिवस, असा घेतला पाहिजे. शिवाय पीसीआरला जनुक दिसते, त्या जनुकाचा धनी जिवंत आहे की मेलेला हे सहसा दिसत नाही. म्हणून तिचा होकार हा संशय समजावा आणि त्याची खात्री जुन्या पद्धतीने करून घ्यावी, हाच शास्त्राचा दंडक आहे.

खरोखर क्षणार्धात उत्तर देणाऱ्या चाचण्या निराळ्याच आहेत. काजव्याच्या अंगातील प्रकाश निर्माण करणारे द्रव्य वापरून फळी, सुरी किंवा क्रेट यांच्या पृष्ठभागावर सजीवांचे अवशेष किती राहिले आहेत हे मिनिटाच्या आत सांगणारे हातात मावेल एवढे यंत्र आता मिळते. ते कोणता जंतू आहे हे सांगत नाही, पृष्ठभाग नीट धुतला गेला की नाही एवढेच सांगते. पाण्यातील क्लोरीन मोजण्यास मिनिटभर पुरते. बर्फातील मासळीचे तापमान पाहण्यास साधा तापमापक पुरतो. या साध्या चाचण्यांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

थांबणारा माल आणि न थांबणारा माल

आता याच गोष्टीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. उणे अठरा अंशांवर गोठवलेली मासळी अहवालाची वाट पाहू शकते. वाट पाहण्याला किंमत असते. शीतगृहाची वीज, अडकलेले भांडवल, त्यावरील व्याज आणि हुकलेले जहाज यांचा हिशेब प्रत्येक कारखानदार मनात मांडतोच. पाच दिवसांऐवजी एका दिवसात अहवाल मिळाला तर हा सारा खर्च वाचतो. म्हणजे जलद चाचणीचा पहिला लाभ निर्यातदाराला होतो, आणि तो तसा होण्यात वावगे काही नाही.

टोपलीतील बांगडा मात्र थांबू शकत नाही. सकाळी नमुना घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले, तर तोवर तो खाऊन झालेला असतो. कायद्याची गती तर याहूनही निराळी आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. खटल्यासाठी ही मुदत योग्य असेल. ताज्या मासळीच्या ग्राहकाच्या दृष्टीने तो अहवाल इतिहासाच्या दप्तरात ठेवण्याजोगा ठरतो. मासळीतील सॅल्मोनेलासंबंधीचे मानक देशांतर्गत विक्रीलाही लागू आहे. कायद्याने दोन ताटांत भेद केलेला नाही, तो व्यवहाराने केला आहे.

दुसरी अडचण खर्चाच्या स्वरूपाची आहे. चाचणीचा खर्च माल किती आहे यावर अवलंबून नसतो. समजा, एका चाचणीस दोन हजार रुपये पडतात असे धरले, तर वीस हजार किलोच्या कंटेनरवर हा बोजा किलोमागे दहा पैसे होतो. वीस किलोच्या टोपलीवर तोच बोजा किलोमागे शंभर रुपये होतो. बाजारात पाटीवर बसणाऱ्या मासळीविक्रेत्या बाईला हा खर्च झेपणे अशक्य आहे आणि तिच्या ग्राहकाला तो द्यावासा वाटणे त्याहून अशक्य आहे. म्हणून प्रत्येक टोपलीच्या परीक्षेची मागणी करणे म्हणजे लहान विक्रेत्याला बाजारातून उठवण्याची मागणी करणे होय. मग ती कितीही सद्‌हेतूने केलेली असो.

तिसरी अडचण गणिताची आहे. समजा, शंभर क्रेटपैकी एक क्रेट दूषित आहे आणि मोठ्या मालातून पाच क्रेटचे नमुने घेतले. पाचही निर्दोष निघण्याची शक्यता शंभरात पंचाण्णव इतकी येते. साठ नमुने घेतले तरी दोष निसटण्याची शक्यता निम्म्याहून अधिकच राहते. अर्थात अहवाल ‘आढळला नाही’ असा आला तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा करता येत नाही. जलद यंत्र हे गणित बदलू शकत नाही. ते चुकीचे आश्वासन अधिक लवकर देऊ शकते, इतकेच.

हीच अडचण अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना १९६० च्या सुमारास आली होती. तयार अन्नाच्या तपासणीवरच विसंबायचे तर इतके नमुने खर्ची पडतील की अंतराळात पाठवण्यास फारसे काही उरणार नाही, असे ते काम करणाऱ्या पिल्सबरी कंपनीच्या ध्यानात आले. तेव्हा तयार मालाऐवजी माल तयार होण्याच्या वाटेवर लक्ष ठेवायचे, धोका कोठे शिरू शकतो त्या जागा आधी हेरायच्या आणि तेथे पहारा बसवायचा, अशी पद्धत निघाली. तीच पुढे ‘हॅसप’ या नावाने जगभर रूढ झाली. अमेरिकेने मासळीच्या बाबतीत १९९७ च्या डिसेंबरपासून ती सक्तीची केली.

सत्त्याण्णवचा धडा

याच १९९७ साली भारताने एक कडू अनुभव घेतला. भारतातून युरोपात गेलेल्या मासळीत सॅल्मोनेला आढळल्याच्या तक्रारी होत्याच. त्यातच युरोपीय आयोगाच्या पाहणीत येथील कारखान्यांतील स्वच्छता आणि देखरेख यांत उणिवा दिसल्या, आणि ऑगस्टमध्ये भारतीय मासळीची आयात थांबवण्यात आली. डिसेंबरमध्ये ती मान्यताप्राप्त कारखान्यांपुरती पुन्हा खुली झाली. वस्तुतः निर्यातीच्या मासळीसाठी गुणनियंत्रणाचे नियम भारत सरकारने १९९५ मध्येच केले होते. त्यांची धार मात्र बाजारपेठ बंद झाल्यावरच लागली. पिण्याच्या योग्यतेचे पाणी, स्वतःचे बर्फयंत्र, कामगारांसाठी हात-पाय धुण्याची सोय, स्वतःची प्रयोगशाळा या गोष्टी निर्यातक्षम कारखान्याच्या अविभाज्य भाग झाल्या.

रत्नागिरीकरांना अशाच स्वरूपाचा दुसरा अनुभव हापूसच्या निमित्ताने आला. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या आरंभी उठली. तेथे कारण जंतूंचे नव्हते, फळमाशीचे होते. परंतु धडा एकच होता. दूरच्या ग्राहकाला नकाराचा अधिकार असतो आणि त्या अधिकाराच्या धाकाने उत्पादनाच्या वाटेवर सुधारणा होते. जवळच्या ग्राहकाजवळ असा संघटित नकार नसतो. तो मासळी न घेता घरी गेला तर आयोग बसत नाही. १९९७ नंतरची सुधारणा कारखान्याच्या फाटकाच्या आत झपाट्याने झाली, फाटकाच्या बाहेरील धक्का आणि बाजार त्या वेगाने बदलले नाहीत, याचे मूळ येथे आहे.

घाईची किंमत

जवळच्या ग्राहकासाठी जलद चाचणी वापरण्याचा एक प्रयोग शेजारच्या गोव्यात झाला. त्याचा प्रकार वेगळा होता, शोध जंतूंचा नसून फॉर्मेलिन या रसायनाचा होता. पण त्यातून मिळणारा बोध येथेही लागू पडतो. १२ जुलै २०१८ रोजी मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जागेवरच चाचणी केली तेव्हा परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिनचा अंश दिसला. त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर हे प्रमाण मर्यादेत असल्याचे जाहीर झाले. सकाळच्या आणि संध्याकाळच्या या दोन निर्णयांतील अंतर लोकांनी आपापल्या संशयाने भरून काढले. काही दिवसांतच परराज्यांतील मासळीला तात्पुरती बंदी झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निर्बंध आले, आणि नोंदणी व उष्णतारोधक वाहनाच्या अटी सिंधुदुर्गातील लहान व्यापाऱ्यांना जड गेल्या.

युरोपातील उदाहरण याहून मोठे आहे. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत एका घातक जंतूची साथ पसरली. हॅम्बुर्गच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तपासणीच्या आधारे स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवले. काही दिवसांनी कळले की काकड्यांवर सापडलेला जंतू साथीचा नव्हता. अखेरीस शोध मोड आलेल्या मेथीपर्यंत पोहोचला. साथीत पन्नासांहून अधिक माणसे दगावली. दरम्यान स्पेनमधील काकड्या शेतातच कुजल्या आणि युरोपीय संघाला भाजी उत्पादकांसाठी वीस कोटी युरोंहून अधिक साहाय्य मंजूर करावे लागले.

दोन्ही प्रसंगांत चाचणी खोटी होती असे म्हणता येत नाही. काकडीवर जंतू खरोखरच होता. चूक झाली ती पहिल्या संशयाला अंतिम निकालाचे स्थान देण्यात. साहाय्य मिळाल्याने स्पेनचा शेतकरी काही अंशी तरी सावरला. रत्नागिरीच्या बाजारातील विक्रेतीच्या टोपलीला एकदा ‘दूषित’ असे नाव पडले तर तिला भरपाई देणारा कोणताही संघ अस्तित्वात नाही. म्हणून जलद चाचणी आणण्याआधी तिच्या होकारानंतर कोणी, केव्हा आणि काय बोलावयाचे याचा नियम ठरला पाहिजे.

दोष कोठला?

मग जलद चाचणी नकोच का? तसे नाही. ती कोठे लावावी, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर जंतूच्या स्वभावातच सापडते.

समुद्राच्या पाण्यात मूळचेच राहणारे काही जंतू आहेत. १९५० मध्ये जपानमधील ओसाका परिसरात लहान मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. त्या प्रसंगातून ओळखला गेलेला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू त्यांपैकी एक. तो मासळीबरोबर येतोच. प्रश्न त्याला वाढू देण्याचा असतो. अनुकूल उष्णतेत वीस मिनिटांना दुप्पट या हिशेबाने एका जंतूचे तीन तासांत पाचशे बारा आणि सहा तासांत अडीच लाखांवर होतात, आणि हा जंतू याहूनही वेगाने वाढू शकतो. त्यावर उपाय एकच, जाळ्यातून ताटापर्यंत अखंड थंडावा.

सॅल्मोनेला आणि आतड्यातील इतर रोगजंतू मुळात समुद्राचे नव्हेत. ते माणसाच्या व जनावरांच्या विष्ठेतून येतात. खोल समुद्रातून आलेल्या मासळीवर ते सापडले तर ती जमिनीची साक्ष असते. सांडपाणी मिसळलेले खाडीचे पाणी धक्का धुण्यास वापरले गेले, बर्फ अशुद्ध पाण्याचा होता, धक्क्यावर कुत्री, कावळे आणि घारी फिरत होत्या, शेकडो माणसे जेथे राबतात तेथे स्वच्छतागृहाची आणि हात धुण्याची सोय अपुरी होती, यांपैकी काहीतरी घडलेले असते. अशा वेळी टोपलीवर किंवा ती वाहणाऱ्या बाईवर ठपका ठेवणे म्हणजे आरशावर रागावण्यासारखे आहे.

यांपैकी बर्फाचा प्रश्न विशेष विचारात घेण्यासारखा आहे. जून २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे झाले. हा बर्फ सरबताच्या पेल्यात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू योग्यच आहे. परंतु निळ्या रंगाने पाणी शुद्ध होत नाही. सरबत पिणारा त्यामुळे सावध होतो, पण मासळीच्या अंगाला तासन्‌तास लागून राहणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, याचे उत्तर रंगातून मिळत नाही. बहुतेक जंतू थंडीने मरत नाहीत, निपचित पडतात. बर्फ वितळला की ते मासळीवर उतरतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कोकणात मासळी कच्ची खाल्ली जात नाही, ती कढत कालवणात शिजते किंवा तव्यावर भाजून निघते, मग जंतू उरणार कोठे? आक्षेपात तथ्य आहे. नीट शिजवल्याने सॅल्मोनेला मरतो, आणि येथील स्वयंपाकाच्या पद्धतीने आजवर अनेकांना तारले आहे. परंतु ज्या विळीवर मासळी चिरली तिच्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली गेली तर जंतूला चुलीवरून जावेच लागत नाही. दुसरे असे की, बांगड्यासारखी मासळी उबेत राहिली तर काही जंतू तिच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. जंतू शिजून मेले तरी हे द्रव्य नष्ट होत नाही. अंगावर गांधी उठणे, चेहरा तांबडा होणे, मळमळणे यांचा दोष मग ‘मासळी बाधली’ एवढ्या शब्दांत पोटावर ढकलला जातो. वास्तविक ती धक्क्यावरील दोन तासांच्या उन्हाची बाधा असते.

धक्क्याची परीक्षा

या साऱ्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. ताज्या मासळीची परीक्षा वेळेत होऊ शकत नाही, पण ती ज्या पाण्याने धुतली जाते, ज्या बर्फात राहते आणि ज्या फळीवर कापली जाते त्यांची होऊ शकते. मासळी रोज नवी असते. पाणी, बर्फ आणि फळी त्याच असतात. आज घेतलेल्या बर्फाच्या नमुन्याचा अहवाल उद्या आला तरी तो निरुपयोगी होत नाही, कारण त्याच कारखान्याचा बर्फ उद्याही येणार असतो. एक दिवस उशिरा येणारे उत्तर टोपलीच्या बाबतीत व्यर्थ आणि बर्फाच्या बाबतीत मोलाचे ठरते. खर्चाचे गणितही येथे उलटते. बर्फाच्या एका चाचणीचा लाभ त्या बर्फात ठेवलेल्या शेकडो टोपल्यांना मिळतो, आणि तो एका विक्रेत्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही. असा लाभ ज्या सेवेचा असतो तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे.

त्यासाठी लागणारी साधने रत्नागिरीत नाहीत असे नाही. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून येथे आहे. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र त्याहून जुने, १९५८ चे आहे. मासळीतील जंतू ओळखण्याचे शिक्षण जेथे दिले जाते तेथून धक्का काही किलोमीटरांवर आहे. पाणी व बर्फ यांची ठरावीक दिवशी जलद तपासणी, क्रेट व फळ्यांची काजव्याच्या प्रकाशाने होणारी तपासणी आणि मासळीच्या तापमानाची रोजची नोंद हे काम या संस्थांच्या देखरेखीखाली होऊ शकते. जंतूचा संशय आला तर त्याची खातरजमा जुन्या पद्धतीने करावी आणि खातरजमा झाल्यावरच बोलावे. तापमान व क्लोरीन यांचे आकडे मात्र रोज धक्क्यावरील फळ्यावर मराठीत लिहावेत. तांडेलाला, व्यापाऱ्याला आणि विक्रेतीला ते सारखेच वाचता यावेत. पहिल्या वर्षी दंड नसावा. दंडाच्या भीतीने नमुने लपतात आणि लपलेल्या नमुन्यातून काहीच शिकता येत नाही.

प्रश्न जबाबदारीचा आहे. बंदर एका खात्याकडे, बाजार नगर परिषदेकडे, अन्नाची तपासणी तिसऱ्याकडे, सांडपाण्याचे प्रदूषण चौथ्याकडे, अशी ही वाटणी आहे. प्रत्येकाच्या सरहद्दीवर काम थांबते आणि जंतू मात्र सरहद्द ओलांडून जातो. निर्यातीच्या बाबतीत ही साखळी एका सूत्रात ओवली गेली, कारण शेवटी परदेशी गिऱ्हाईक उभे होते. देशी गिऱ्हाइकासाठी ते सूत्र शासनालाच धरावे लागेल.

त्यासाठीची वेळही आली आहे. २०२५ च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदरातील बांधकामे अतिक्रमणे म्हणून हटवण्यात आली आणि बंदराच्या पुढील विकासाची घोषणा झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची आखणी देशभरासाठी २०,०५० कोटी रुपयांची होती. मासळी धरल्यानंतरच्या सोयी हे तिचे एक अंग आहे. बंदराच्या विकासाची चर्चा बहुधा धक्क्याची लांबी, लाटांपासून संरक्षण आणि गाळ उपसणे यांभोवती फिरते. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु पिण्यायोग्य पाण्याची वाहिनी, त्याच पाण्यावर चालणारा बर्फ कारखाना, छपराखालचे लिलावगृह, सांडपाण्याचा वेगळा निचरा, पुरेशी स्वच्छतागृहे आणि एक लहान प्रयोगशाळा ही आरंभीच नकाशात आली नाहीत तर मागाहून काँक्रीट फोडून ती बसवणे दुप्पट खर्चाचे होते, आणि बहुधा होतच नाही. ज्यांची बांधकामे हटली त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्नही याच नकाशाचा भाग मानला पाहिजे. विक्रेतीला बसायला जागा आणि हात धुवायला पाणी मिळाले नाही तर बाकी सारी यंत्रे शोभेची ठरतील.

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात १८८४ मध्ये निश्चितपणे ओळखला. त्याआधी तीस वर्षे, १८५४ मध्ये, लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी साथ पसरवीत आहे हे नकाशावर ठिपके मांडून दाखवले होते, आणि त्या पंपाचा दांडा काढला गेला होता. जंतू दिसण्याआधी पाण्याची वाट दिसली, तरी कृती करता आली. आज जंतू एका रात्रीत दिसतो. त्याची वाटही ठाऊक आहे. युरोपच्या ग्राहकासाठी ती वाट अडवण्याचे काम रत्नागिरीतील कारखान्यांनी करून दाखवले आहे. तेच काम संध्याकाळच्या बाजारात पिशवी घेऊन येणाऱ्या ग्राहकासाठी करावयाचे की नाही, याचा निर्णय बंदराच्या नकाशावर सही होण्यापूर्वीच झाला पाहिजे.